डोगोन आधी शेतकरी आहेत

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात बांदियागारा नावाचा वालुकाश्माचा कडा आहे. त्याची लांबी सुमारे १५० किलोमीटर असून त्याच्या माथ्यावरच्या पठारावर, उतारावरच्या दगडगोट्यांत आणि पायथ्याच्या रेताड मैदानात डोगोन लोकांची गावे पसरली आहेत. मराठी वाचकाला हे नाव भेटते ते बहुधा एकाच गोष्टीच्या ओघात. व्याधाच्या ताऱ्याला नुसत्या डोळ्यांनी न दिसणारा एक जोडीदार तारा आहे, हे या लोकांना दुर्बिणीवाचून ठाऊक होते आणि ते ज्ञान त्यांना परग्रहावरून आलेल्या कोणी दिले असावे, अशी ती गोष्ट. यूट्यूबवरच्या चित्रफितींतून आणि व्हॉट्सॲपवरच्या मजकुरातून ती वर्षानुवर्षे फिरते आहे, आणि ‘प्राचीनांना सगळे माहीत होते’ असे मानायला उत्सुक असलेल्या आपल्या समाजात तिला गिऱ्हाईकही भरपूर आहे.

माझे म्हणणे असे की, या नवलाईने डोगोन लोकांचे मोठे नुकसान केले आहे. ज्या समाजाचे वर्ष बाजरीच्या पेरणीपासून मळणीपर्यंत मोजले जाते, त्याला जगाने एक गूढ जमात करून ठेवले. त्याचा धर्म शेतातून उचलून आकाशात नेऊन टांगला. त्यामुळे तो धर्म कळेनासा झालाच, पण पुढे त्याच्या देवळांची लूट झाली तेव्हा, आणि आता त्याच्या गावांत रक्त सांडते आहे तेव्हाही, आपण चुकीच्या ठिकाणी कारणे शोधत राहिलो.

शेतापासून सुरुवात करतो. या भागात पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच पडतो आणि वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर भरतो. म्हणजे आपल्या माण-आटपाडीहून फार वेगळी स्थिती नाही, फक्त उन्हाळा अधिक लांब आणि अधिक कोरडा. मुख्य पीक बाजरी. तिच्या जोडीला ज्वारी, चवळी, भुईमूग, अंबाडी आणि फोनिओ नावाचे वरीपेक्षाही बारीक दाण्याचे एक तृणधान्य. बाजरीच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवून तो भेंडीच्या किंवा गोरखचिंचेच्या पानांच्या बुळबुळीत कालवणात बुडवून खायचा, हे रोजचे जेवण. बाजरी आपण खास आपली मानतो. परंतु माणसाने लागवडीखाली आणलेल्या बाजरीचे सर्वांत जुने दाणे मालीच्याच ईशान्येकडील टिलेमसी खोऱ्यात सापडले असून ते सुमारे ४५०० वर्षांपूर्वीचे आहेत. तिथून हे पीक भारतात पोचले. चवळीचे मूळही आफ्रिकेतलेच. तेव्हा शिरूर-पारनेरच्या भाकरीचा या मुलखाशी जो संबंध आहे तो व्याधाच्या ताऱ्यापेक्षा कितीतरी जवळचा आणि खरा आहे.

पठारावर तर माती नाहीच म्हणावी अशी जागा आहे. तिथले लोक उघड्या खडकावर दगडांचे चौकोन रचतात, खालून टोपल्यांनी माती वाहून आणून ते भरतात आणि त्या वाफ्यांत कांदा लावतात. ओढ्यांवर लहान बंधारे आहेत. त्यांतले पाणी भोपळ्याच्या तुंब्यांनी आणून माणसे वाफ्यांवर हाताने शिंपतात. काढणीनंतर बायका हा कांदा दगडावर कुटून त्याचे गोळे वळतात आणि उन्हात वाळवून बाजारात पाठवतात, कारण ओला कांदा त्या रस्त्यांवरून लांबच्या बाजारापर्यंत टिकत नाही. मैदानातल्या शेतांत बाभळीच्या कुळातले एक झाड जागोजाग राखलेले दिसते. शास्त्रीय नाव फैदर्बिया. हे झाड पावसाळ्यात पाने गाळते आणि उन्हाळ्यात हिरवे राहते. त्यामुळे पीक उभे असताना त्याची सावली पडत नाही, मुळे जमिनीला नत्र देतात आणि चारा संपतो त्या दिवसांत त्याच्या शेंगा गुरांच्या तोंडी लागतात. ही झाडे कोणी ओळीने लावलेली नाहीत. कुदळ चालवताना उगवलेले रोप ओळखून त्याला वळसा घालायचा, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखणीतून ती उभी राहिली आहेत.

या मुलखाच्या देवाधर्माकडे आता याच वाटेने जाता येते. डोगोनांचा निर्माता देव अम्मा. तो आभाळात आहे, सगळ्यांच्या वर आहे, पण रोजच्या व्यवहारात जवळचा म्हणावा असा नाही. खरी वर्दळ असते ती जमिनीच्या, पूर्वजांच्या आणि कुळाच्या देवकांच्या वेदींवर. भावकीचा एक थोरला वाडा असतो, त्याला गिन्ना म्हणतात. त्यात भावकीतला सर्वांत वयस्क पुरुष राहतो. पूर्वजांसाठी ठेवलेली मातीची भांडी त्याच वाड्यात असतात, भावकीच्या जमिनीचा हिशेबही त्याच वाड्याशी बांधलेला असतो आणि एक म्हातारा गेला की जाणतेपणाच्या क्रमाने शेतांची फेरवाटणी होते. म्हणजे ज्या घरात पूर्वजांना नैवेद्य मिळतो, त्याच घरात कोणी कोणते शेत कसायचे ते ठरते. धर्म आणि जमीन यांची खाती वेगळी करून बसणाऱ्या पाहुण्याला हे दिसतच नाही, किंवा दिसले तरी त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही.

कुळदेवकाच्या देवळाची भिंत पाहावी. मातीने लिंपलेल्या दर्शनी भागावर वरून खाली पांढरट ओघळ उतरलेले असतात, एकावर एक, काही ताजे, काही उन्हाने करडे पडलेले. ती बाजरीच्या पिठाची पेज आहे. पूजेच्या वेळी पुजारी छतावरून ती भिंतीवर ओततो. घरात मुलांना मिळणारे, शेतावर न्यायचे आणि सुगीआधीच्या महिन्यांत अपुरे पडणारे जे अन्न, तेच देवाला मिळते. देवाला द्यायला या माणसाजवळ दुसरे मौल्यवान असे काही नाही, आणि सांडलेल्या प्रत्येक ओघळामागे कोणीतरी उखळात कुटलेल्या बाजरीची मेहनत आहे. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास बुलो नावाचा सण येतो. तेव्हा वेदींवर बळी जातात, बाजरीची बिअर गाळली जाते आणि मग पेरणीला मोकळीक मिळते. जमिनीचा देव लेबे. त्याचा पुजारी होगोन हा गावातला किंवा गावांच्या गटातला सर्वांत ज्येष्ठ पुरुष असतो. निवड झाली की तो वेगळ्या घरात राहतो, त्याला कोणी स्पर्श करत नाही, आणि रात्री लेबे सर्परूपाने येऊन त्याचे अंग चाटतो व त्याला बळ देतो, अशी श्रद्धा आहे. मानकरी म्हणून त्याला मिळते ते हेच एकटेपण.

कोल्ह्याकडून कौल घेण्याची त्यांची पद्धत तर जगभर छायाचित्रांतून गाजली आहे. दैवज्ञ संध्याकाळी गावाबाहेरच्या वाळूत काटक्यांनी आणि बोटांनी चौकटी आखतो, प्रत्येक चौकटीत प्रश्नाच्या खुणा मांडतो आणि वर शेंगदाणे पेरून ठेवतो. रात्री फिकट रंगाचा छोटा वाळवंटी कोल्हा येऊन शेंगदाणे खातो. पहाटे त्याच्या पावलांचे ठसे कोणत्या खुणेवरून गेले, ते पाहून दैवज्ञ उत्तर सांगतो. छायाचित्र पाहणाऱ्याला त्यात गूढ लिपी दिसते. मला मात्र त्या चौकटीत काय विचारलेले असते हे अधिक महत्त्वाचे वाटते: आजारी माणूस उठेल का, मुलगा दूर कामाला जातो आहे त्याची वाट सुखरूप आहे का, सोयरीक करावी की नको. ज्याच्या हाती पावसाचे काहीच नसते आणि एक चूक वर्षभर निस्तरावी लागते, अशा माणसाचे हे प्रश्न आहेत, आणि त्यांत कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला परके वाटावे असे काही नाही.

मग आकाशातली ती सारी कथा आली कोठून? फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल १९३१ साली डाकार ते जिबुती या मोहिमेत प्रथम डोगोन मुलखात आले. पुढे १९४६ साली ओगोतेम्मेली नावाच्या एका आंधळ्या म्हाताऱ्या शिकाऱ्याशी त्यांच्या ३३ दिवस बैठका झाल्या. त्यातून १९४८ साली जे पुस्तक निघाले त्यात अम्माने जग कसे निर्मिले, नोम्मो हे जलदेव कसे अवतरले, कोठाराचा आकार विश्वाचा नकाशा कसा आहे, असे एक संपूर्ण आणि एकसंध विश्वदर्शन होते. ग्रिओल यांचा हेतू चांगला होता, हे मान्य केलेच पाहिजे. आफ्रिकी माणसाला विचारच नाही असे युरोपातले विद्वान उघडपणे लिहीत होते, त्या काळात एका खेडुताचे तत्त्वज्ञान ग्रीकांच्या शेजारी ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. पण यासाठी त्यांनी एका बुद्धिमान म्हाताऱ्याचे चिंतन घेऊन ते सबंध समाजाच्या नावावर मांडले. १९५० साली ग्रिओल आणि जर्मेन दितेर्लें यांनी व्याधाच्या जोडीदाराविषयीचा लेख लिहिला, आणि १९७६ साली रॉबर्ट टेंपल या लेखकाने त्या लेखावर परग्रहवासीयांचा इमला चढवला.

व्याधाचा जोडीदार तारा १८६२ साली अमेरिकेत दुर्बिणीतून दिसला होता. १९२०च्या दशकात त्याच्या विलक्षण घनतेची चर्चा जगभरच्या वर्तमानपत्रांतून झाली होती. डोगोन मुलखात ग्रिओल यांच्या १९४६च्या बैठकांपर्यंत फ्रेंच अंमलदार, शाळा आणि अमेरिकन मिशनरी येऊन पोचले होते, आणि डोगोन जवान फ्रेंच सैन्यातून परतही आले होते. हे ज्ञान तिकडूनच आले असावे, हाच खुलासा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी सुचवला होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिरेली या गावात दीर्घकाळ राहिलेले डच अभ्यासक वाल्टर व्हान बेक यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले की, ग्रिओल यांच्या मंडळींबाहेरच्या डोगोन लोकांना व्याधाचा जोडतारा ठाऊकच नाही, आणि ती एकसंध विश्वकथाही गावांत कोणी ओळखत नाही. ग्रिओल यांच्या कन्येने आणि इतरांनी त्यावर जोरदार हरकती घेतल्या. तो वाद अभ्यासकांचा आहे आणि तो व्हायलाच हवा. मात्र एका गोष्टीकडे त्या वादातही पुरेसे लक्ष गेले नाही. देनीज पोम आणि देबोरा लिफशित्झ या दोन तरुण अभ्यासक १९३५ साली ‘सांगा’ या डोगोन गावी राहून गेल्या होत्या, आणि पोम यांनी १९४० साली डोगोनांच्या समाजरचनेवर ग्रंथ लिहिला होता. शेते कशी वाटली जातात, लग्ने कशी होतात, कोणी कोणासाठी राबायचे, म्हाताऱ्यांचा अधिकार कशावर टिकतो, हे सर्व त्यात होते. लिफशित्झ पुढे नाझींच्या छळछावणीत मारल्या गेल्या. जगाने त्या ग्रंथाला विद्यापीठाच्या कपाटात ठेवले आणि आंधळ्या शिकाऱ्याचे पुस्तक घरोघर नेले. शेतीवाडी वाचायला नीरस वाटते आणि विश्वाचा नकाशा रोमहर्षक वाटतो, एवढेच त्याचे कारण असावे.

‘यांना एवढे ज्ञान बाहेरच्या कोणीतरी दिले असणार’ या वाक्यात स्तुती नाही, अपमान आहे. खडकावर माती नेऊन कांदा पिकवणे, झाड राखून जमीन सुपीक ठेवणे, पावसाआधी खड्डे खणून त्यांत शेणखत भरून ठेवणे आणि पहिल्या सरीचे पाणी नेमके रोपाच्या मुळाशी मुरवणे, हे ज्ञान या लोकांनी स्वतः मिळवले आहे आणि ते रोज त्यांच्या हातांत आहे. त्यासाठी कोणी परग्रहवासी लागला नाही म्हणूनच बहुधा त्यावर चित्रफीत निघत नाही. याच ज्ञानाला सरकारनेही फारसे मोजले नाही. वसाहतकाळापासून झाडांची मालकी सरकारकडे गेली आणि शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातल्या झाडाची फांदी तोडल्याबद्दल दंड होऊ लागला. परिणाम उलटाच झाला, कारण जे झाड उद्या दंडाचे निमित्त होणार ते रोप असतानाच उपटून टाकणे शेतकऱ्याला सोयीचे वाटू लागले. १९९१ साली हुकूमशहा मुसा त्राओरे यांची राजवट कोसळली आणि कायदे सैल झाले, तेव्हा बांकास भागातल्या डोगोनांनी बाराहोगोन नावाची आपली जुनी संघटना पुन्हा उभी केली. कोणत्या झाडाची फळे कधी काढायची, फांदी कोणी आणि केव्हा छाटायची, हे ती ठरवते. होगोनाच्या अधिकाराची ही जी शेतातली बाजू आहे, ती समजल्याशिवाय होगोन म्हणजे स्पर्श न होणारा एक गूढ म्हातारा एवढेच उरते.

गूढतेचा बाजार फक्त पुस्तकांपुरता राहिला नाही. १९३१-३३च्या त्या मोहिमेने आफ्रिकेतून पॅरिसच्या संग्रहालयासाठी साडेतीन हजारांच्या आसपास वस्तू नेल्या. मोहिमेचे चिटणीस मिशेल लेरिस यांनी काही देवस्थानांतल्या वस्तू दमदाटीने व चोरून कशा उचलल्या, हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. त्यानंतर डोगोन लाकूडकामाला युरोप-अमेरिकेत मागणी आली आणि कोठारांची कोरीव दारे, कुलुपे, पूर्वजांच्या मूर्ती, इतकेच काय, गावच्या पारासारख्या तोगु ना या मंडपाचे खांबही विकले गेले किंवा रातोरात नाहीसे झाले. तोगु ना ही पुरुषांची बैठकीची जागा. तिचे छप्पर बाजरीच्या सरमाडाच्या जाड थरांचे आणि इतके ठेंगणे की आत उभे राहता येत नाही. वादात तापून कोणी उठले तर डोके आपटते आणि माणूस पुन्हा बसतो, असे तिथले लोक सांगतात. ज्या जागेत गावाचे तंटे मिटतात तिचे खांब दिवाणखान्यांची शोभा झाले. अमेरिकेने १९९३ साली बांदियागाराच्या गुहांतल्या प्राचीन वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. युनेस्कोने १९८९ साली २८९ गावांसह या साऱ्या कड्याला जागतिक वारसा म्हटले. ही पावले चांगलीच होती. पण वारशाच्या यादीत नाव आल्यावर पर्यटक आले ते मुखवट्यांचा नाच पाहायला. तो नाच दामा या विधीचा भाग आहे. गेलेल्या माणसांचे आत्मे गावातून सन्मानाने निरोप घेऊन पूर्वजांत सामील व्हावेत म्हणून, मृत्यूनंतर काही वर्षांनी, पुरेसे धान्य साठल्यावर तो होतो. पाहुण्यांसाठी त्याचे छोटे रूप तासाभरात दाखवले जाऊ लागले. त्यातून गावाला चार पैसे मिळाले याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. दुष्काळात ज्याला विकायला दुसरे काही नाही त्याने आपले कसब दाखवून पोट भरावे, यात अनैतिक काहीच नाही.

मला खटकतो तो दुसराच सूर. डोगोन मुसलमान झाले, ख्रिस्ती झाले, आता त्यांच्यात ‘अस्सल’ काही उरले नाही, असा तो हळहळीचा सूर आहे. डोगोनांत आज मोठी संख्या मुसलमानांची आहे. सांगा इथे १९३०च्या दशकात आलेल्या प्रोटेस्टंट मिशनमुळे ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. नांदो गावची मातीची मशीद डोगोन हातांनीच बांधलेली आहे. सोंगो गावात मशीद आहे आणि मुलांच्या सुंतेच्या वेळी रंगवल्या जाणाऱ्या चित्रांचा खडकही आहे. मुसलमान झालेला शेतकरी बिअर पीत नाही, वेदीवर बळी देत नाही, पण भावकीत राहतो, तोगु नामध्ये बसतो, तेच झाड राखतो, आणि चुलत्याच्या दामासाठी लागणाऱ्या बाजरीत बरेचदा आपला वाटाही घालतो. कोणता देव मानायचा हे ठरवण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पॅरिसच्या किंवा पुण्याच्या वाचकाला रंगीत मुखवटे आवडतात म्हणून त्याने आजोबांच्याच धर्मात राहावे, ही अपेक्षा उर्मट आहे.

त्याचबरोबर जुन्या धर्मातले सारे काही जपण्याजोगे आहे असेही मी म्हणणार नाही. मुखवट्यांच्या मंडळात बायकांना प्रवेश नाही, अपवाद फक्त सिगी या साठ वर्षांनी येणाऱ्या विधीच्या काळात जन्मलेल्या एखाद्या मानाच्या ‘बहिणी’चा. तोगु नाच्या सावलीतही त्या बसत नाहीत, आणि मासिक पाळीत त्यांना गावाच्या कडेच्या गोल झोपडीत राहावे लागत आले आहे. मुलींच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा मालीत बहुसंख्य समाजांत आहे आणि डोगोनही तिला अपवाद नाहीत. तिला बंदी करणारा कायदा मालीने अद्याप केलेला नाही. ही प्रथा थांबली पाहिजे, आणि ती थांबवण्यासाठी गावोगाव बोलणाऱ्या मालीतल्याच स्त्रिया आज त्या देशात आहेत. त्यांना ‘संस्कृती बुडवणाऱ्या’ म्हणणे हा मोठा अन्याय आहे. शिवाय ज्या विश्वदर्शनाचे एवढे कौतुक झाले ते एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला सांगितलेले आहे. पहाटे उखळाशी उभ्या राहणाऱ्या, कड्याखालच्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी चढवून आणणाऱ्या आणि स्वतःच्या छोट्या कोठारात आपला भुईमूग, आपले सूत, आपली कमाई वेगळी ठेवणाऱ्या बाईला जगाची घडण कशी दिसते, हे त्या ३३ दिवसांत कोणी विचारले नाही.

या साऱ्याचा आजच्या रक्तपाताशी थेट संबंध आहे. २३ मार्च २०१९ रोजी बांकासजवळच्या ओगोसागू या वस्तीवर, म्हणजे फुलानी या गुराखी समाजाच्या वस्तीवर, हल्ला होऊन सुमारे १६० माणसे मारली गेली, त्यांत बायका आणि मुलेही होती. संशय दान ना अंबासागू या डोगोन शिकाऱ्यांच्या सशस्त्र गटावर आला. त्याच वर्षी जून महिन्यात सोबान दा या डोगोन गावात ३५ माणसे मारली गेली, त्यांतली बहुसंख्य मुले होती. जून २०२२ मध्ये दियालासागू आणि आसपासच्या गावांत १३२ नागरिकांचा बळी गेला, आणि सरकारने त्याबद्दल मासिनाच्या जिहादी गटाला जबाबदार धरले. परदेशी बातम्यांत याला ‘जमातींचे जुने वैर’ असे नाव मिळते आणि आपल्याकडे तेच भाषांतरित होऊन छापले जाते. डोगोनांना एकदा गूढ जमात म्हणून पाहायची सवय लागली की त्यांच्या हातून घडलेली आणि त्यांच्यावर झालेली हिंसाही कसली तरी आदिम गोष्ट वाटू लागते.

वैर जुने आहे हे अर्धवट खरे आहे. एकोणिसाव्या शतकात मासिनाच्या फुलानी राज्याच्या काळात आणि नंतर जिहाद पुकारणाऱ्या उमर ताल यांच्या फौजांच्या काळात डोगोनांना कड्याच्या आडोशाचा आधार होता. परंतु त्याच काळात दोघांत दुसरा व्यवहारही चालू होता. सुगी झाली की फुलानी गुराखी आपली गुरे डोगोनांच्या शेतात बसवत, गुरांना सरमाड आणि शेंगा मिळत, शेताला शेणखत मिळे, आणि दुधाच्या बदल्यात बाजरी जाई. मेंढपाळाचा वाडा शेतात बसवण्याची रीत आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. हा व्यवहार मोडला तो जमिनीमुळे. विसाव्या शतकात शांतता झाल्यावर डोगोन कड्यावरून सेनोच्या मैदानात उतरले. १९७३ आणि १९८४च्या मोठ्या दुष्काळांनी पठारावरच्या आणखी लोकांना खाली ढकलले. माणसे वाढली, पडीक ठेवायची शेते दरवर्षी पेरली जाऊ लागली, चराईच्या वाटा नांगराखाली आल्या, आणि काही डोगोनांनी स्वतःचीच गुरे घेतली. तंटा झाला की निवाडा करणारी सरकारी यंत्रणा दोघांकडूनही पैसे खाणारी निघाली. २०१२ साली उत्तर माली बंडखोरांच्या हाती गेल्यावर सरकार खेड्यांतून जवळपास उठून गेले. त्या पोकळीत जिहादी गटांनी अन्यायाने पिचलेल्या गुराख्यांना बंदुका दिल्या आणि दुसऱ्या बाजूला शिकाऱ्यांची मंडळे फौजा झाली. धर्माने आणि वंशाने या भांडणाला झेंडे पुरवले हे मला मान्य आहे, पण मूळ दावा शेत, पाणवठा आणि गुरांची वाट यांवरचाच आहे. याचा अर्थ ओगोसागूच्या मारेकऱ्यांचा गुन्हा कमी होतो असा नाही. त्यांच्यावर खटले चालले पाहिजेत. केवळ खटल्यांनी पुढच्या पेरणीची सोय मात्र होत नाही. त्यासाठी गुरांच्या वाटा पुन्हा आखून द्याव्या लागतील, सुगीनंतरच्या चराईचे करार पुन्हा जुळवावे लागतील, आणि त्या करारांना दोन्हीकडचे म्हातारे साक्षी ठेवावे लागतील. युनेस्को, परदेशी मदतसंस्था आणि राजधानी बामाकोतले सरकार वारशासाठी जो पैसा खर्चतात त्यातला पहिला वाटा मूर्ती आणि मंडपांच्या डागडुजीआधी या कामाला मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिगीची पाळी २०२७ साली येते. सिगी हा साठ वर्षांनी एकदा येणारा डोगोनांचा सर्वांत मोठा विधी आहे. मृत्यू माणसांत कसा आला त्याचे स्मरण त्यात असते, नवा थोरला मुखवटा कोरला जातो, आणि यूगो गावापासून सुरू होऊन वर्षामागून वर्ष एका गावातून दुसऱ्या गावात तो सरकत जातो. मागचा सिगी १९६७ ते १९७३ या काळात झाला. चित्रपटकार झाँ रूश यांनी त्याचे चित्रण केले आहे. तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून तो पाहिलेली मुले आज सत्तरीकडे झुकली आहेत. या वेळी जगभरचे पत्रकार व्याधाच्या ताऱ्याची कथा पुन्हा बाहेर काढतील यात मला शंका नाही.

परंतु सिगी व्हायचा तर गावोगाव बिअर गाळण्याइतकी बाजरी शिल्लक हवी, आणि आज अनेक गावांतले लोक घराजवळच्या पट्ट्यापलीकडे पेरायला जायला भितात. एका गावाहून दुसऱ्या गावाला मिरवत जाण्याची वाट मोकळी हवी, आणि त्या वाटांवर आज सशस्त्र टोळ्यांचा पहारा आहे. बामाकोला आणि आयव्हरी कोस्टला गेलेली तरुण मुले परत यावी लागतील. गावातल्या मुसलमान कुटुंबांनी त्यात कितपत भाग घ्यायचा हे त्यांना आपापसांत, तोगु नामध्ये बसून ठरवावे लागेल, आणि तो निर्णय काहीही झाला तरी तो त्यांचाच असेल. यूगोच्या म्हाताऱ्यांना सिगी पुकारता येईल की नाही, हे मुख्यतः त्याआधीच्या पावसाळ्यात सेनोच्या मैदानावर किती शेतांत पेरणी झाली आणि सुगीनंतर तिथे फुलानी गुरे पुन्हा बसली की नाही, यावर ठरेल.